झोपेतली नाडी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी पित्ताची असतात, उरलेली गुडघ्यांची. त्यांना चार-चार ओळींत उत्तर देता येते आणि त्या चार ओळी न पाळण्याचा आपला हक्क वाचक नेमाने बजावतात. भाद्रपदात आलेले एक पत्र मात्र मी तसेच खणात ठेवून दिले होते. चार ओळींत त्याची बोळवण करणे बरे दिसले नसते. दिवाळीत संपादकमहाशय पानांच्या बाबतीत जरा सैल हाताने वागतात, म्हणून ते पत्र आज बाहेर काढतो.

पत्र एका विवाहित भगिनीचे आहे. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. घरात सासूबाई, यजमान, दोन मुले आणि धाकटे दीर. दिरांचे वय छत्तीस, विमा कंपनीत नोकरी. सहा वर्षांपूर्वी श्रावणात भाऊजी एकाएकी फार आनंदात दिसू लागले. झोप तीन तासांवर आली, बोलणे थांबेना, चेहऱ्यावर थकव्याची रेघ नाही. एक गाळा भाड्याने घेऊन मुलांसाठी फुकट वाचनालय काढायचे त्यांनी ठरवले आणि साठवलेल्या सगळ्या पैशांची पुस्तके मागवली. घरच्यांना वाटले, चला, माणूस मार्गी लागला! दिवाळी येईतो तोच माणूस खोलीची खिडकी उघडू देईना. पुस्तकांची खोकी दोरी न सोडता तशीच पडलेली. पुढे डॉक्टर झाले, निदान झाले: बायपोलर डिसऑर्डर. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या, नोकरी टिकली, आणि खोक्यांतली पुस्तके घरातल्या दोन मुलांनी एकेक करून वाचून काढली.

इथवर सारे ठीक. गेल्या वर्षी थोरल्या भावाने भाऊजींना मनगटावर बांधायचे एक घड्याळ आणून दिले. रात्रभर ते नाडी मोजते आणि सकाळी आकडा फोनवर दाखवते. पहिले काही दिवस गंमत झाली. मग कुणीतरी कुठेतरी वाचले की झोपेतल्या नाडीवरून या विकाराचा झटका आधी कळतो, आणि घराची रीतच बदलली. सकाळचा चहा उकळण्याआधी भाऊजींचा आकडा! एरवी अठ्ठावन्नच्या आसपास असणारी नाडी जुलैत एके रात्री सहासष्ट झाली, दुसऱ्या रात्री एकोणसत्तर. वहिनींनी रजा टाकली, नागपूरच्या नणंदेचे तीन फोन झाले, सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींना सणकून ताप भरला. फ्लू होता. चार दिवसांत उतरला.

बरे झाल्यावर भाऊजींनी घड्याळ काढून खणात ठेवले आणि म्हणाले, “वहिनी, जागा असताना तुम्ही सगळे माझ्याकडे बघताच. झोपेत तरी मला एकटं राहू द्या.”

वहिनींचे प्रश्न दोन आहेत. झोपेतल्या नाडीवरून खरेच काही कळते का? आणि आमचे चुकले का?

पहिल्या प्रश्नाला जरा मागून सुरुवात केली पाहिजे. मी चाळीस वर्षे लोकांच्या नाडीवर बोटे ठेवली, पण ती सगळी जागी माणसे होती. शिवाय दवाखान्यात आलेली, म्हणजे थोडी घाबरलेली. झोपलेल्या माणसाची नाडी आमच्या धंद्यात फारशी कुणी पाहिलेलीच नसते. रात्रभर ती टिपायची तर माणसाच्या अंगावरच यंत्र हवे. अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात तसे यंत्र बनवले, त्याचे वजन होते सुमारे अडतीस किलो! पाठीवर पोते घ्यावे तसे ते घ्यायचे. १९६१ साली त्यांनी सुटसुटीत यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आज हृदयरोगतज्ज्ञ चोवीस तासांसाठी जी पेटी कमरेला लावतात तिला त्यांचेच नाव आहे. भाऊजींचे घड्याळ या पेटीच्या दूरच्या नात्यातले. ते हृदयातली वीज मोजत नाही. कातडीवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या लाटेगणिक तो किती शोषला जातो ते पाहते. पट्टा सैल झाला, हात उशाखाली गेला, की त्याचाही अंदाज चुकतो.

आता हृदयाकडे येऊ. पुष्कळांना वाटते की हृदय मेंदूच्या हुकुमावर धडधडते. तसे नाही. हृदयाला स्वतःची चाल आहे, आणि तरुण माणसात ती मिनिटाला शंभराच्या घरात असते. दुसऱ्याचे हृदय बसवलेल्या रुग्णांत हे स्पष्ट दिसते: शस्त्रक्रियेत नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे निवांत बसल्यावरही त्यांची नाडी नव्वद-शंभर असते. मग आपली सत्तर कशी? तर मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची एक लांबलचक नस हृदयावर सदैव लगाम धरून असते. उत्साह, भीती, राग आला की लगाम सैल होतो आणि दुसऱ्या बाजूने चाबूकही बसतो. विश्रांतीत लगाम घट्ट होतो.

या लगामाचे गुपित उलगडले तेही झोपेतूनच. ऑस्ट्रियात ग्राझ येथे ओटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी चिठोऱ्यावर टिपण केले आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना. (डॉक्टरांच्या अक्षराची ही परंपरा जुनी आहे.) सुदैवाने दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी गृहस्थांनी कागदाचा भरवसा धरला नाही. उठून थेट प्रयोगशाळा गाठली. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, ते मंदावले. त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. १९२१ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाची रक्कम काढून घेऊन मगच देशाबाहेर जाऊ दिले, हेही सांगून ठेवतो. कारण ते सहसा सांगितले जात नाही.

रात्री आपण झोपलो की व्हेगसचा लगाम घट्ट होतो. दिवसा बसल्या जागी सत्तर असणारी नाडी साठीच्या खाली येते. कपडे वाळत घालायच्या दोरीला मध्ये झोळ पडावा तशी ती खाली जाते आणि पहाटे जाग येण्याच्या आधीपासूनच पुन्हा वर येऊ लागते. मात्र ही दोरी गुळगुळीत नसते. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवले की झोपेत अधूनमधून बंद पापण्यांआड डोळे भराभर हलू लागतात, आणि त्याच वेळी श्वास आणि नाडीही वाढते. ती स्वप्नांची झोप. साधारण दीड-दीड तासाने तिची पाळी येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून पहाटे नाडी जरा उड्या मारत असेल तर घाबरू नये. माणूस स्वप्नात बस पकडत असेल.

आणखी एक बारकी गोष्ट, आणि संशोधकांचे खरे लक्ष तिच्यावरच आहे. साठ ठोके म्हणजे सेकंदाला एक, असा हिशेब आपण करतो. पण निरोगी हृदय असे टिकटिकत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात. आताच मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घ्या; तरुण असाल तर फरक बोटाला लागेलही. कसलेला तबलजी लय सोडत नाही, पण मात्रेला जरा रेलून वाजवतो, तसे हे आहे. ही लवचीकता व्हेगसच्या लगामामुळे येते. लगाम ढिला असेल तर ठोके यंत्रासारखे एकसुरी पडतात.

बायपोलर विकाराचा इथे संबंध येतो. हा विकार नवा नाही. नाव तेवढे नवे आहे. पॅरिसचे फाल्रे यांनी १८५० च्या दशकात तो चक्रासारखा फिरतो असे नोंदले, जर्मनीत क्रेपेलिन यांनी १८९९ साली उन्माद आणि खिन्नता ही एकाच आजाराची दोन रूपे ठरवली. ‘द्विध्रुवी’ हे वर्गीकरण १९५७ साली लेओनहार्ड यांनी मांडले. या सर्वांनी रुग्णाचे बोलणे ऐकले, वागणे पाहिले. शरीराकडे, विशेषतः रात्रीच्या शरीराकडे, बारकाईने पाहणे अलीकडचे.

२०१७ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र मांडले. बायपोलर रुग्णांत ठोक्यांची लवचीकता निरोगी माणसांपेक्षा सरासरीने कमी आढळली. त्याआधी इटलीत पिसा विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘सायकी’ नावाचा एक युरोपीय प्रकल्प झाला होता. त्यातली कल्पना मला फार आवडली. एक साधा बनियनसारखा सदरा, त्याच्या कापडातच हृदयाची वीज टिपणारे तंतू. रुग्णाने तो घालून रात्री झोपायचे. मिळालेल्या ठोक्यांवरून रुग्ण त्या दिवसांत नैराश्यात आहे, उन्मादाकडे झुकतो आहे की स्थिर आहे, हे गणिताने ओळखता येईल का, असा प्रयत्न होता. आणि मोजक्या रुग्णांत तो बराचसा जमला. ‘मोजक्या’ हा शब्द कृपा करून दोनदा वाचा. हे गणित रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या रात्रींशी करत होते. शेजारच्या काकांच्या नाडीशी भाऊजींच्या नाडीची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

तेव्हा वहिनी, तुमच्या घरी कुणी जे वाचले ते अगदी खोटे नाही. उन्माद चढू लागला की शरीराचा लगाम ढिला होतो, नैराश्यातही रात्रीची विश्रांती पुरी पडत नाही, आणि याची सावली नाडीवर पडू शकते. पण सावलीवरून माणूस ओळखायचा कसा? नाडी वाढवणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलो तर हा अंकच पुरायचा नाही. ताप तर आहेच. अंगात एक अंश सेल्सियस ताप वाढला की नाडी आठ-दहाने वाढते, जुलैत तुम्ही तेच पाहिलेत. उशिरा झालेले जड जेवण, दारूचे दोन पेले, उकाडा, दमा, पांडुरोग, परीक्षेचा निकाल. बायकांत तर महिन्याच्या उत्तरार्धात ती आपसूक थोडी वर असते. त्यात औषधांची भर: या विकारात दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ क्लोझापीन, नाडी वाढवतात. उलट लिथियम काहींची नाडी मंदावते. त्याने थायरॉइड ग्रंथी सुस्तावली तर नाडी आणखी मंद होते, वर उदासीही येते आणि घरचे म्हणतात, पुन्हा नैराश्य आले! म्हणून आकडा कमी झाला की पेढे वाटायचे, असेही नाही. लिथियमवर असलेल्या माणसाचे रक्तातले लिथियम, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांची तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. घड्याळ ती करत नाही.

यापेक्षा जुने आणि भरवशाचे एक लक्षण आहे, आणि त्याला घड्याळ लागत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक मास्तर राहत. त्यांना हाच विकार असावा असे आज वाटते. तेव्हा त्याला कुणी नाव दिले नव्हते. चांगले असत तेव्हा दहाला दिवा मालवून निजत. बिघडू लागले की रात्रभर टेबलाशी बसून पत्रे लिहीत, कलेक्टरला, मंत्र्यांना, एकदा तर थेट इंग्लंडच्या राणीला. त्यांची पत्नी, आम्ही तिला माई म्हणत असू, पहाटे उठली की चूल पेटवण्याआधी मास्तरांच्या टेबलावरच्या दिव्याच्या पत्र्याच्या टोपीला हात लावून पाही. टोपी गार असली की कामाला लागे. टोपी गरम लागली की त्या दिवशी पैशांची पेटी माझ्या आजीकडे आणून ठेवी, आणि मास्तरांना काही न बोलता दुपारी स्वयंपाक जरा लवकर उरकून खोलीत पडदे ओढून देई. हे मी स्वतः पाहिले आहे. ती काय करत होती ते मला वैद्यकी शिकूनही पुष्कळ वर्षांनी कळले.

अमेरिकेत थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले की झोप कमी होणे हे उन्मादाचे नुसते लक्षण नसते, ते त्याचे कारणही ठरते. प्रवास, बाळंतपण, मृत्यूचे दुःख, लग्नघर, निमित्त कोणतेही असो. वाट बहुधा जागरणातूनच जाते. झोप मोडली की उन्माद, उन्मादाने झोप आणखी मोडते. पुढे १९९८ साली त्यांनीच एका रुग्णाला रोज ठरल्या वेळी लांब अंधाऱ्या रात्रीत निजायला लावले आणि त्याची झपाट्याने फिरणारी चक्रे शांतावली, असे नोंदले. माईने वेर यांचे नावही ऐकले नव्हते.

म्हणून मी सांगेन की आकडा ठेवायचाच असेल तर तो झोपेच्या तासांचा ठेवा. नेहमी सात तास झोपणारा माणूस सलग दोन-तीन रात्री चार तास झोपून सकाळी ताजातवाना, गाणे गुणगुणत उठला, तर त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना फोन करावा. चार तास झोपून कुरकुरत उठला तर ते साधे जागरण. तुम्हीआम्हीही तसेच उठतो. त्या ताजेपणातच सारी ग्यानबाची मेख आहे.

नाडीचा आकडा मी एका दुसऱ्याच कारणासाठी टाकून देत नाही. स्वीडनमध्ये लाखो लोकांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायपोलर विकाराचे रुग्ण इतरांपेक्षा साडेआठ ते नऊ वर्षे आधी मरण पावतात असे दिसले. त्या मृत्यूंत आत्महत्या आहेत, तसे हृदयरोग आणि मधुमेहही आहेत. घरचे सगळे मनाकडे डोळे लावून बसतात आणि हृदय हेही एक हृदय आहे, हे विसरून जातात. भाऊजींचा रक्तदाब शेवटचा कधी पाहिलात? रक्तातली साखर? वजन? तुमच्या पाच पानी पत्रात रोजच्या नाडीचे आकडे आहेत, यातले काही नाही.

आता दुसरा प्रश्न. चुकले का?

सहा वर्षांपूर्वी ज्या घराने तो श्रावण आणि ती दिवाळी पाहिली, त्या घराने पुढे आकडे मोजले तर त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. पण भाऊजींचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांनी गोळ्या सोडल्या नाहीत, डॉक्टर सोडले नाहीत, नोकरी सोडली नाही. घड्याळ तेवढे सोडले. बऱ्या झालेल्या माणसाचा आनंद घरच्यांना रोज तपासून घ्यावासा वाटू लागला, की तो मोकळेपणी हसायचेसुद्धा टाळतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. शिवाय मोजणाऱ्यांचीही झोप मोडते. तुमच्या यजमानांची नाडी त्या जुलैत किती होती, हे कुणी पाहिले का? माझी पैज आहे, भाऊजींपेक्षा जास्त असणार.

घड्याळ त्यांचे आहे. त्यांना हवे तेव्हा ते बांधतील, हवे तर बांधणार नाहीत. आकडा त्यांच्याच फोनवर राहील आणि डॉक्टरांना दाखवायचा की नाही ते तेच ठरवतील. त्याच्या बदल्यात एका निवांत रविवारी, ते अगदी बरे असताना, चहा घेत त्यांनाच विचारा: भाऊजी, पुन्हा कधी झोप उडाली तर आम्ही काय करावे असे तुम्हांला वाटते? कुणी बोलायचे, वहिनींनी की दादांनी? बँकेचे कार्ड कुणाकडे द्यायचे? डॉक्टरांना कुणी फोन करायचा? ते सांगतील ते त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. माईला मास्तरांशी असे बोलता आले नाही. तुम्हांला येईल. अडीअडचणीला, डॉक्टर भेटत नसतील तर, सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; तिथे मराठीतही बोलता येते.

जाता जाता दिवाळीचे. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे की सासूबाई नरकचतुर्दशीला सगळ्या घराला पहाटे चारला उठवतात आणि त्याआधी तीन रात्री फराळाची धांदल असते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढे सांगा की यंदा कढईजवळ भाऊजींना रात्री दहानंतर बसवू नका, चकल्या तळायला दुसरे कुणीही चालेल. पहाटे त्यांच्या खोलीचे दार लोटलेलेच असू द्या. मुलांना म्हणावे, पहिला फटाका अंगणात न उडवता कोपऱ्यावर जाऊन उडवा. उटणे एका वाटीत त्यांच्यापुरते काढून ठेवा. ते सात वाजता उठले, की पाणी पुन्हा तापवता येते.